कारणासह नकार

मूल्यांकन समिती यायच्या आदल्या दिवशी फान सर आमच्या अहवालाची एक प्रत देवळात घेऊन गेले. परीक्षेला बसणारी मुलं विद्येच्या देवापुढं प्रवेशपत्र ठेवतात, तसा त्यांनी तो जाडजूड अहवाल ठेवला. शेजारी शकुनाचे म्हणून मुळा, कांद्याची पात आणि सेलरीची जुडी. मग तो दोन्ही हातांनी उचलून उदाच्या पात्रावरून सावकाश तीनदा फिरवला. त्यांना तो पेलायला जड जात होता, हे मला बाहेरूनही दिसत होतं.

मी पायरीच्या खाली, स्कूटरींच्या रांगेशेजारी उभी होते. माझ्या डाव्या बाहीवर गोणपाटाचा छोटा तुकडा टाचलेला होता. घरात सुतक असलेल्या माणसानं देवळाचा उंबरा ओलांडायचा नसतो.

"जिंग-युन, तिथून तरी हात जोड," सर आतून म्हणाले.

"देवाला चालणार नाही, सर."

"देवाचं मी बघतो. विभागाला चालेल ना, मग झालं."

फान सर आमचे विभागप्रमुख. बुटके, गोल, हातात कायम चहाचा थर्मास. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी विभाग भरभराटीत पाहिला होता. तेव्हा त्याचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापार असं होतं, आणि आमच्या चांगह्वा जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखानदाराला आपला एक मुलगा आमच्याकडे घालायचा असे. पुढं नाव बदलून आंतरराष्ट्रीय व्यवसाय झालं, आणि त्याच सुमारास गावातली बालवाडी बंद पडून तिथं वृद्धांचं केंद्र निघालं. मुलंच जन्मत नव्हती, तर आमच्या वर्गात येणार कुठून? विद्यापीठानं सगळ्या विभागांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, या फेरीत ज्याला निर्विवाद 'उत्तीर्ण' मिळणार नाही, त्याच्या पुढच्या प्रवेशांचा विचार करावा लागेल. विचार करावा लागेल म्हणजे काय, हे शेजारच्या पुस्तपालन विभागाला आदल्या वर्षी समजलं होतं. त्यांच्या खोल्यांतून आता केक बनवायला शिकवतात.

तेव्हा सगळ्या विभागानं देव पाण्यात घातले होते. फान सरांनी तर घालून वर झाकणही लावलं होतं.

देवळातून परतताना सर म्हणाले, "उद्या वरून कोट घाल. बाही झाकली जाईल. समितीला उगाच अवघडल्यासारखं नको."

मी बरं म्हटलं.

*

माझे वडील प्राध्यापक नव्हते. वेई थ्येन-शोउ नळाच्या तोट्या विकायचे. आमच्या लुकांग गावाच्या आसपास घरटी एक माणूस पितळ ओततो, घासतो किंवा त्यावर मुलामा चढवतो. बाबा त्यांचा माल घेऊन जगभर फिरले. त्यांची नमुन्यांची चामड्याची पेटी मला लहानपणी दोन्ही हातांनी हलत नसे. आत कापडात गुंडाळलेल्या तोट्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येई. ते म्हणायचे, "तोटी हातात दिली की समोरचा ती फिरवतोच. मग बोलायला सुरुवात होते." माझ्या शाळेच्या पालकसभेला ते कधीच नसायचे. बाई विचारायच्या, वडील कुठं आहेत? मी सांगायचे, परदेशात गेलेत. कधी ब्राझील, कधी दुबई. मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा की राग यायचा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

ते फिरायचे थांबले तेव्हा फान सरांनीच त्यांना गाठलं. नियमाप्रमाणे प्रत्यक्ष उद्योगातला एक शिक्षक हवा होता. 'निर्यात व्यवहार' हा तिसऱ्या वर्षाचा सक्तीचा विषय त्यांच्याकडे आला. मी त्याच विभागात सिद्धान्त शिकवत होते. जेवताना बाबा मला म्हणायचे, "तू जे शिकवतेस ते मी आयुष्यभर केलं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बरं झालं. कळलं असतं तर घाबरलो असतो."

पहिल्या तासाला ते मुलांना पेटी उचलायला लावायचे. जिन्यानं खाली आणि परत वर. पुढचं सगळं सत्र एकच काम असे. प्रत्येकानं परदेशातला एक खरा दुकानदार शोधायचा, लुकांगच्या एका खऱ्या कारखान्याची खरी तोटी त्याला विकायचा प्रयत्न करायचा आणि त्याच्याकडून नकार आणायचा. होकार नव्हे, नकार. तोही कारणासह. 'आभारी आहोत, गरज पडल्यास कळवू' असं उत्तर आलं तर बाबा म्हणायचे, "हा नकार नाही. ह्यानं नुसतं दार लावलं. परत लिही." कोणी चुकून होकार आणला, तर त्याला गुण मिळत, पण पूर्ण मिळत नसत. होकार नशिबानंही येतो, असं त्यांचं मत. कारण देऊन नाही म्हणणाऱ्या माणसानं तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलेलं असतं.

मुलं त्यांना नळवाले सर म्हणायची. त्यांच्या तोंडावरच म्हणायची.

अहवाल मी लिहिला होता. त्यातल्या रकान्यांत नकार कुठंच बसत नव्हता. 'अध्ययन निष्पत्ती' या शीर्षकाखाली मी लिहिलं, 'आंतरसांस्कृतिक व्यावसायिक संवादक्षमतेचा विकास'. बाबांनी ते वाचून विचारलं होतं, "हे कोण शिकवतं?"

"तुम्ही."

"अरे वा," ते म्हणाले, आणि शेंगदाणे सोलत राहिले.

अहवाल उन्हाळ्यात गेला. शरदाचा चंद्रसण झाल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी दात घासताना बाबा न्हाणीघरात कोसळले. आईनं आधी वाहता नळ बंद केला आणि मग मला हाक मारली. हे तिनं स्वतःच मला सांगितलं, एकदाच.

*

आमच्याकडे गेलेल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ जेवायला वाढतात. भात, एखादी भाजी, चहा. फोटोपुढं ताट ठेवून हाक मारायची, बाबा, जेवायला या. थोड्या वेळानं दोन नाणी जमिनीवर टाकून विचारायचं, झालं का? एक चित, एक पट पडलं तर झालं. दोन्ही सारखी पडली तर नाही, किंवा ते नुसतेच हसताहेत. मग थांबायचं.

समितीच्या दिवशी सकाळी मला घाई होती. आई नाणी टाकत होती आणि ती पुन्हा पुन्हा सारखीच पडत होती.

"आई, उशीर होतोय."

"त्यांचं अजून चाललंय. घाई केली की ते अर्धवट उठायचे, माहीत आहे ना तुला? विमान गाठायला."

"आज समिती आहे."

"मग सांग त्यांना. मी काय सांगू?"

मी फोटोकडं पाहून म्हटलं, बाबा, आज समिती येतेय. आईनं नाणी टाकली. सारखीच.

"तू जा," आई म्हणाली. "मी बसते."

*

समितीत चार जण होते. प्रमुख थोंग बाई, उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या. केस आखूड कापलेले, आवाज बारीक, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहायची सवय. फान सरांनी केलेलं सादरीकरण त्यांनी टिपणं न काढता ऐकलं. आमच्या मार्गिकेत मुलं ओळीनं उभी होती. विभागाची पाच उद्दिष्टं त्यांच्याकडून महिनाभर घोकून घेतलेली. एका मुलाला समितीतल्या कोणी तरी फक्त स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं, तर त्यानं आधी जागतिक दृष्टी आणि व्यावसायिक नीती सांगितली आणि मग डावीकडे हात केला.

सादरीकरणानंतर समिती शिक्षकांच्या यादीतून काही नावं आपल्या मनानं निवडते आणि त्यांना एकेकाला बोलावते. कोण निवडलं जाणार हे आधी कळत नाही. कार्यालयातली यु-ज्वेन निवडलेली नावं घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं कागद फान सरांना दिला. सरांनी वाचला आणि थर्मासचं झाकण घट्ट बसवलं. ते आधीच घट्ट होतं.

तिसरं नाव वेई थ्येन-शोउ.

"हे नाव यादीत कसं?" सर कुजबुजले.

यु-ज्वेन रडवेली झाली. "सर, माणूस गेल्यावर दर सातव्या दिवसाचे विधी, सातही सातवे, पुरे व्हायच्या आधी नाव कसं काढायचं? माणूस अजून वाटेत असतो. माझी आजी म्हणते, वाटेतल्या माणसाचं नाव खोडलं तर त्याला पुढं कोणी ओळखत नाही. मी ठरवलं होतं, शेवटचा सातवा झाला की काढीन. समिती त्याच्या आधीच आली."

तिच्यावर रागावणं मला शक्य नव्हतं. मी नावावरून बोट फिरवलं. तिनं ते बाकीच्यांपेक्षा किंचित ठळक अक्षरात टाकलं होतं.

सरांनी आम्हा दोघींना प्रती काढायच्या यंत्राच्या खोलीत नेऊन दार लावलं. "ऐका. यादीत नाव राहिलं ही साधी चूक, ती कोणीही समजून घेईल. पण ते गेले असं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग हा विषय आता कोण शिकवतंय?"

कोणीच शिकवत नव्हतं. नव्या नेमणुका विद्यापीठानं बंद ठेवल्या होत्या. सक्तीचा विषय सत्राच्या मध्येच थांबला असं दिसलं असतं, म्हणून सरांनी तास वेळापत्रकात तसेच ठेवले होते, बाबांच्याच नावानं. मला ते माहीत होतं. मी त्याविषयी कधी काही बोलले नव्हते. त्या आठवड्यांत मी कशाविषयीच फारशी बोलत नव्हते.

"परदेशात गेलेत म्हणू," सर म्हणाले. "व्हिएतनामला, कारखाना बघायला. उद्योगातला माणूस, जाणारच. कोणाला शंका येणार नाही. त्यांच्या जागी तू जा. त्यांची मुलगी आहेस, विषय तुला माहीत आहे. वीस मिनिटांचा प्रश्न आहे."

मी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"जिंग-युन, मी हे माझ्यासाठी करत नाहीये. मी काय, दोन वर्षांनी घरी जाऊन बोन्साय कापीन. यु-ज्वेनचं कंत्राट आहे. तुझं घरचं कर्ज आहे. आणि ही तिसऱ्या वर्षाची पोरं, त्यांना काय सांगायचं? तुमच्या पदवीचा विभाग आता केक बनवतो?"

ते खोटं बोलत नव्हते. एवढ्यापुरतं तरी नाही.

"सर, खोलीत उकडतंय," मी म्हटलं. कोट काढून यंत्रावर ठेवला आणि बाहेर पडले.

*

मुलाखतीच्या खोलीत थोंग बाई एकट्याच होत्या. त्यांनी यादीवर पेन्सिल टेकवली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागं दाराकडे.

"वेई थ्येन-शोउ सर?"

"ते माझे वडील. ते गेले. चंद्रसणानंतर. शेवटचा सातवा व्हायचाय, म्हणून यादीतून नाव काढायचं सगळ्यांच्या जिवावर आलं."

त्यांचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. त्या अर्धवट उठल्या, मान लववून दोन शब्द बोलल्या आणि परत बसल्या. मीही मान लववली. मग त्यांनी नेहमीसारखं थोडा वेळ पाहून घेतलं आणि तो प्रश्न विचारला.

"मग हा विषय आता कोण शिकवतंय?"

"कोणी नाही."

"वेळापत्रकात तास आहेत."

"तास होतात. मुलं येतात, सगळी नाही, पण येतात. शिकवायला कोणी नसतं. विषय मध्येच थांबला असं दिसू नये म्हणून तो तसाच ठेवलाय. नवी नेमणूक करता येत नव्हती."

बाहेर मार्गिकेत कोणाची तरी पावलं अडखळली आणि पुढं गेली. मला ती ओळखू आली.

"तुम्ही याच विभागात शिकवता," थोंग बाई म्हणाल्या. "हे मला सांगण्याचा परिणाम काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. नसतं सांगितलं तर मी विचारलंही नसतं."

"ते परदेशात आहेत असं सांगायचं ठरत होतं." माझा आवाज ठीक होता. "शाळेत असताना मी हे वाक्य खूपदा सांगितलंय. प्रत्येक वेळी ते खरं होतं. ते तसंच राहावं असं मला वाटलं."

थोंग बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर टेकडीवरच्या झाडांत कोणी तरी यंत्रानं गवत कापत होतं. ते थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"ते काय शिकवायचे? अहवालातलं नको. अहवाल मी वाचलाय."

मी पेटीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं. मग नकाराचं. त्यांनी मध्येच विचारलं, "कारणासहच हवा?"

"कारणासहच. नाही तर परत लिहायचं."

"हे अहवालात कुठंय?"

"'आंतरसांस्कृतिक व्यावसायिक संवादक्षमतेचा विकास'. दुसऱ्या प्रकरणात."

"ते तुम्ही लिहिलंत का? मी त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय." त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "त्यांचा तास आज आहे का?"

"आहे. आत्ताच चालू असेल." चालू हा शब्द वापरून मी अडखळले. "म्हणजे, मुलं असतील."

"चला, बघू."

*

मी त्या वर्गात बाबा गेल्यानंतर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. दार ढकलताना मला वाटलं, कोणीच नसलं तर बरं. वर्ग अर्ध्याहून जास्त रिकामा होता. पुढची बाकं जोडून काही मुलं कोंडाळं करून बसली होती. एक जण मागं डोक्यावर टोपी ओढून झोपलेला. शिक्षकाच्या टेबलावर पेटी होती. ती बाबा वर्गातच ठेवायचे आणि कोणी ती हलवली नव्हती. तिच्या शेजारी कोणी तरी सोयाबीनच्या दुधाचा पेला ठेवला होता, झाकण न उघडलेला. ते रोज घ्यायचे तसला.

आम्हाला पाहून एक मुलगा ताडकन उभा राहिला. "विभागाची पाच उद्दिष्टं आहेत. पहिलं, जागतिक..."

"बस रे," शेजारची मुलगी म्हणाली. "कोणी विचारलं का तुला?"

थोंग बाईंनी एक खुर्ची ओढून घेतली. "तुमचे सर नाहीत. मग तुम्ही कशाला येता?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. यासाठीचं उत्तर त्यांना कोणी पाठ करायला दिलं नव्हतं.

"नकार यायचाय अजून," ती मुलगी म्हणाली. तिचं नाव फांग-यू. "माझा मागच्या आठवड्यात आला. ह्यांचे राहिलेत. ह्याला तर चिलीतला माणूस नुसतं आभारी आहोत, आभारी आहोत करतोय. इतका सभ्य माणूस आम्ही बघितला नाही."

"सर असते तर म्हणाले असते, परत लिही," चिलीवाला मुलगा म्हणाला. "म्हणून लिहितोय."

"तुला काय कारण दिलं?" थोंग बाईंनी फांग-यूला विचारलं.

ती जराशी लाजली. "पोलंडमधलं दुकान आहे. त्यांनी दोन कारणं दिली. एक, मी बंदरापर्यंतचाच भाव दिला. आणि ते बंदरापासून केवढ्या तरी लांब. नकाशाच बघितला नव्हता मी. आणि दुसरं," ती थांबली, "त्यांच्याकडचं पाणी फार जड आहे. तोट्यांत क्षार साचतात. त्यांनी लिहिलं, तुम्ही रंग सांगितला, वजन सांगितलं, मुलाम्याची जाडी सांगितली. तुमच्या पूर्ण पत्रात पाण्याविषयी एक शब्द नाही."

"तोट्या विकत होती ही," मागचा टोपीवाला झोपेतूनच म्हणाला. सगळे हसले. फांग-यूही हसली.

"मग आता?"

"आता कारखान्यात विचारून आले. आतली चकती बदलता येते. परत लिहिलंय त्यांना. विकायला नाही. नुसतं सांगायला, की तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं."

"गुण कोण देणार तुला?"

ती विचारात पडली. तिच्या लक्षात हे आलंच नव्हतं असं दिसलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "मॅडम देतील ना?" आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पेटीवर हात ठेवून उभी होते. तिची मूठ चामडं झिजून काळी, गुळगुळीत झाली होती, माझ्या तळव्याला रुंद.

थोंग बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि मला विचारलं, "उचलून बघू?"

त्यांनी ती पेटी उचलली, खिडकीपर्यंत नेली आणि परत आणून ठेवली. मग खांदा चोळला.

*

दुपारी फान सर माझ्या खोलीत आले. हातात दोन डबे. एक माझ्यापुढं ठेवला.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "सगळं नाही. पुरेसं."

"सर—"

"राहू दे. तू मला दोन वर्षं आधी बोन्सायकडे पाठवलंस, एवढंच." ते समोर बसले, डबा उघडला, पण जेवायच्या काड्या हातात नुसत्या धरून राहिले. "तुझ्या वडिलांना मी आणलं होतं या विभागात. त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, पोरं नापास झाली तर चालेल का? मी म्हटलं, फार नको. ते म्हणाले, मग मी त्यांना दुसरीकडे नापास करवून आणतो." ते थोडं हसले. "मला वाटलं होतं, गंमत करताहेत."

मग त्यांनी माझ्या डब्याकडे हनुवटी केली. "खा. तुझा बिनमांसाचा सांगितलाय."

*

निकाल पुढच्या उन्हाळ्यात आला. सशर्त उत्तीर्ण.

विद्यापीठानं आमचे प्रवेश निम्मे केले आणि वर्षभरानं पुन्हा पाहू असं कळवलं. यु-ज्वेनचं कंत्राट टिकलं, अर्ध्या वेळेचं होऊन. फान सर हिशेब मांडून म्हणाले की त्यांची निवृत्ती आणि विभागाची फेरतपासणी एकाच महिन्यात येते, तेव्हा एक तरी समारंभ होईलच.

निकालाबरोबर कारणं होती. मी आजवर बरेच मूल्यांकन अहवाल वाचलेत, त्यांची भाषा मला पाठ आहे, मी स्वतः तीच लिहिते. हे तसं नव्हतं. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय एकमेकांना ओळखत नाहीत, असं त्यात होतं. मुलांना उद्दिष्टं पाठ आहेत आणि नकाशा पाठ नाही, असं होतं. सक्तीचा विषय शिक्षकाशिवाय चालू दाखवणं गंभीर आहे, असं होतं, आणि ते योग्यच होतं. शेवटी लिहिलं होतं, 'निर्यात व्यवहार' या विषयाची मूल्यमापनाची पद्धत अहवालात जशी नोंदवली आहे तशी नसून तिच्याहून चांगली आहे, ती तिच्या खऱ्या नावानं नोंदवावी आणि येत्या सत्रापासून तिला शिक्षक द्यावा.

"कोण देणार?" फान सर म्हणाले. "नेमणुका बंदच आहेत. असलेल्यांतूनच कोणी तरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कधी एक तरी तोटी विकलीयस?"

"नाही."

"नकार तरी आलाय कधी? नीट, कारणासह?"

मी निकालाचा कागद बोटानं त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी थर्मास उघडला, चहा ओतला आणि म्हणाले, "पेटी वर्गातच आहे ना?"

*

शेजारणी आईला सांगत होत्या, शंभर दिवस केव्हाच झाले, आता रोजचं वाढणं थांबव, सगळे थांबवतात. आई म्हणाली, वर्ष होईपर्यंत वाढीन. ह्या माणसाला परत यायला नेहमीच उशीर व्हायचा, मला सवय आहे.

निकाल हातात आला त्या संध्याकाळी तिनं भात, टोफू आणि बांबूचे कोंब केले होते. मी फोटोपुढं बसले आणि निकाल वाचून दाखवला, सगळा, कारणांसह. वाचायला बराच वेळ लागला. फांग-यूचं नाव त्यात नव्हतं, तेही मी मध्ये घातलं. पुढच्या सत्रापासून तो तास मी घेणार आहे, हेही सांगितलं. आई दाराशी स्टुलावर बसून कोंबांची सालं गोळा करत होती. तिनं विचारलं नाही, हे वाईट झालं की चांगलं.

वाचून झाल्यावर तिनं नाणी टाकली. दोन्ही सारखी पडली.

"हसताहेत," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत गेली. आई उठून पिशवी टाकून आली, हात धुतले, नळ घट्ट फिरवून बंद केला, आणि परत येऊन नाणी उचलली.

या वेळी एक चित पडलं, एक पट.

"झालं त्यांचं," आई म्हणाली. "उचल ताट."

भात गार झाला होता. तो आम्ही दोघींनी वाटून खाल्ला.